आपल्या परिसराचा इतिहास, कला आणि निसर्ग : एका निवृत्त शिक्षकाचे मनोगत

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने अत्यंत आनंदाची व अभिमानाची घटना आहे. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'आपल्या भागातील जैन इतिहासावर काहीतरी लिहा' अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. मी पदवीने इतिहाससंशोधक नाही. १९७२ साली माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून लागलो, चौतीस वर्षे मराठी व इतिहास शिकवला आणि २००६ मध्ये निवृत्त झालो. शिक्षकी पेशाबरोबर तीन छंद जडले. जुन्या बस्त्या व शिलालेख पाहत हिंडणे हा पहिला, मूर्ती व शिल्पे न्याहाळणे हा दुसरा आणि झाडे-पाखरे ओळखणे हा तिसरा. घरची माणसे यांना 'सरांचे तीन नाद' म्हणतात. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तसे ध्यानात येत गेले की हे तीन नाद वेगळे नाहीत. आपल्या पूर्वजांनी मंदिर, मूर्ती, तळे आणि बाग यांचा विचार एकत्रच केला होता. त्याविषयी चार शब्द लिहावेत, आणि त्याच ओघात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावी, असे मनात आहे.

एका दगडाची गोष्ट

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील, १९७५ च्या सुमाराची ही हकिकत आहे. हातकणंगले तालुक्यातील एका गावी मी शिकवीत होतो. गावच्या बस्तीत पूजामहोत्सव ठरला. मुलांना श्रमदानाची सवय लागावी म्हणून नववीचा वर्ग घेऊन मी आठवडाभर आधी बस्तीच्या आवारात गेलो. आम्ही गवत काढले, फरशी धुतली, भिंतींना चुना दिला. मानस्तंभाशेजारी कमरेएवढा एक दगड उभा होता. त्यावर शेवाळ व दगडफूल माजले होते, आणि त्याखाली काही रेघोट्या दिसत होत्या. हा दगडही साजरा दिसावा असे मला वाटले. रंग नीट बसावा म्हणून मुलांकडून तो तारेच्या ब्रशाने खसाखसा घासून घेतला आणि त्यावर चांदीच्या रंगाचा ऑइलपेंट दिला. महोत्सवाला आलेल्या मंडळींनी आमचे फार कौतुक केले. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी वर्गाचे अभिनंदन केले.

पुढे आठ-दहा वर्षांनी कोल्हापुरातील एका वयोवृद्ध प्राध्यापकांच्या सहवासात मी जुनी कानडी लिपी वाचावयास शिकलो. अक्षरे जुळू लागल्यावर पहिली आठवण झाली ती त्या दगडाची. सुटीच्या दिवशी सायकलने त्या गावी गेलो. रंग बराच उडाला होता. वरच्या अंगाला चंद्र, सूर्य आणि पद्मासनातील एका छोट्या जिनमूर्तीची बाह्यरेषा दिसत होती. त्याखाली ओळींच्या जागा होत्या, पण अक्षरे नव्हती. तळाशी, जिथे माती चढलेली असल्यामुळे आमचा ब्रश पोहोचला नव्हता, तिथे दीड ओळ शाबूत होती. त्यात दान मोडणाऱ्यास पाप लागेल अशा अर्थाचे नेहमीचे शेवटचे वचन होते. दान कोणी दिले, कोणास दिले, केव्हा दिले, हे सारे वरच्या ओळींत होते आणि ते आम्ही घासून टाकले होते. सात-आठशे वर्षांचे ऊन-पाऊस सोसून जे टिकले होते, ते एका शिक्षकाच्या उत्साहाने एका सकाळीत नाहीसे झाले.

त्या दिवसापासून स्थानिक इतिहास हा माझ्यासाठी केवळ छंद राहिला नाही. ते एक ऋण झाले.

शिलालेख काय सांगतात?

आपल्या भागात जैन मंदिराला 'बस्ती' म्हणतात. 'बसदि' या कानडी शब्दाचे हे रूप असून तो शब्द मूळ संस्कृत 'वसति'पासून आला आहे. कोल्हापूर, हातकणंगले, शिरोळ, कागल, आजरा, मिरज या सबंध टापूत इ.स.च्या दहाव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत शिलाहार घराण्याची सत्ता होती. हे राजे श्रीमहालक्ष्मीचे उपासक. आपल्या बिरुदावलीत देवीच्या वरप्रसादाचा ते अभिमानाने उल्लेख करतात. तरीही जैन मुनी व बस्त्या यांना त्यांनी आणि त्यांच्या सामंतांनी मुक्त हस्ताने दाने दिली.

या घराण्यातील गंडरादित्य हा मोठा राजा. त्याच्या इ.स. १११० च्या ताम्रपटातील एक उल्लेख मी प्रत्येक वर्गाला आवर्जून सांगत असे. त्याने मिरज प्रांतात 'गंडसमुद्र' नावाचे मोठे तळे खोदविले आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध व अर्हत् या तिन्ही देवतांची स्थापना करून प्रत्येकीसाठी जमीन दिली. एकाच पाण्याच्या काठी तीन धर्मांची देवालये उभी राहिली. सलोख्याची भाषा आपण आज व्यासपीठावरून करतो; नऊशे वर्षांपूर्वी या मातीत ती दानपत्रात लिहिली गेली.

गंडरादित्याचा सामंत निंबदेव हा माघनंदी सिद्धांतदेव या थोर आचार्यांचा शिष्य होता. त्याने कोल्हापुरात बसदि उभारली. तिला आपल्या राजाच्या बिरुदावरून 'रूपनारायण' हे नाव मिळाले. त्याच निंबदेवाने बाजारपेठेत पार्श्वनाथाचे मंदिर बांधले. शके १०५८ म्हणजे इ.स. ११३५ च्या शिलालेखात या मंदिरासाठी व्यापाऱ्यांच्या संघाने बाजारात येणाऱ्या निरनिराळ्या जिनसांवर थोडा थोडा वाटा देण्याचे ठरविल्याची नोंद आहे. म्हणजे मंदिर एका सामंताने बांधले, पण त्याची दिवाबत्ती पेठेतल्या सर्वांनी चालविली. ट्रस्टची वर्गणी, देणगी आणि कायम निधी यांची कल्पना आपल्याकडे नवी नाही, हे या लेखावरून कळते.

गंडरादित्याचा पुत्र विजयादित्य याच्या काळातील दोन लेख आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला शके १०६५ म्हणजे इ.स. ११४३ चा. माघनंदींचा शिष्य असलेल्या वासुदेव नावाच्या श्रावकाने बांधलेल्या पार्श्वनाथ बसदीस चंद्रग्रहणाच्या पर्वावर दिलेल्या दानाचा तो लेख आहे. दुसरा कागलजवळच्या बामणी येथील, शके १०७३ म्हणजे इ.स. ११५० चा. तोही पार्श्वनाथाच्या मंदिरासाठीच. त्यात शेत, राहण्याचे घर आणि फुलबाग यांचे दान नोंदविलेले आहे. या दानांची प्रयोजने तीन : देवाची अष्टविध पूजा, मुनींना आहारदान आणि 'खंडस्फुटितजीर्णोद्धार'. हा तिसरा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे मी पुढे येणार आहे.

आजरा गावाचा उल्लेख केल्याविना हा भाग पुरा होणार नाही. गंडरादित्याने तेथे 'त्रिभुवनतिलक' नावाचे जिनालय बांधले होते. त्या जिनालयात बसून शके ११२७ म्हणजे इ.स. १२०५ मध्ये, दुसऱ्या भोजाच्या राज्यात, सोमदेव यांनी जैनेंद्र व्याकरणावर 'शब्दार्णवचंद्रिका' ही टीका लिहिली. डोंगराच्या कुशीतल्या, धो धो पावसाच्या गावी संस्कृत व्याकरणाचा असा अभ्यास चालत होता. पुढे सातच वर्षांनी, इ.स. १२१२ च्या सुमारास, देवगिरीच्या यादव सिंघणाने भोजाचा पराभव केला आणि शिलाहारांचे राज्य संपले. राज्य गेले, राजवाडे गेले. व्याकरणाचा ग्रंथ राहिला.

वाचणारी माणसे

दगडावरची अक्षरे आपोआप बोलत नाहीत. त्यांना वाचक लागतो. कोल्हापूर संस्थानाविषयी मेजर ग्रॅहॅम यांनी १८५४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात येथील शिलालेखांची दखल घेतलेली आहे. पुढे फ्लीट व कीलहॉर्न या विद्वानांनी शिलाहारांचे अनेक लेख वाचून प्रसिद्ध केले. डॉ. वा. वि. मिराशी यांनी या घराण्याचे सारे लेख एका बृहद्ग्रंथात संपादित केले. तो १९७७ साली प्रकाशित झाला.

मला विशेष अभिमान वाटतो तो शिक्षकांचा. राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदणगार यांनी उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थानातील शिलालेखांचा संग्रह १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच महाविद्यालयात डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ अर्धमागधी शिकविली. सदलग्यासारख्या गावी १९०६ साली जन्मलेल्या या विद्वानाने 'प्रवचनसार', 'परमात्मप्रकाश', 'कुवलयमाला' असे ग्रंथ संपादित करून जगभरच्या अभ्यासकांपुढे ठेवले. आणि हे सारे अध्यापनाची नोकरी सांभाळून केले.

ग्रंथरक्षणाची हीच तळमळ चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांच्या ठायी होती. मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर जपलेले सिद्धांतग्रंथ पुढच्या पिढ्यांसाठी टिकावेत म्हणून त्यांच्या प्रेरणेने ते ताम्रपत्रांवर कोरविण्यात आले. शिलाहारांच्या ताम्रपटांनंतर आठशे वर्षांनी विसाव्या शतकात पुन्हा तांब्यावर अक्षरे उमटली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढून, झटकून, नवी वेष्टने घालून ठेवण्याची रीत आहे. या रीतीमागचे मर्म हेच की, ज्ञान जपायचे तर ते ज्यावर लिहिले आहे ती वस्तूही जपावी लागते.

मूर्तीत उमटलेला निसर्ग

आता दुसऱ्या व तिसऱ्या छंदाकडे वळतो. त्यांना वेगळे करणे मला जमत नाही.

जिनमूर्ती पाहताना सामान्य श्रावक प्रथम मुखावरील शांती पाहतो, आणि ते योग्यच आहे. मुलांना घेऊन गेलो म्हणजे मी त्यांना आधी खाली, पीठाकडे पाहायला सांगत असे. तेथे लांछन असते. ऋषभदेवांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, अभिनंदननाथांचे माकड, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा रेडा, शांतिनाथांचे हरीण, मुनिसुव्रतांचे कासव, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. चोवीस तीर्थंकरांचे मुख घडविताना शिल्पकार भेद करीत नाही. पार्श्वनाथांवरील फणा, ऋषभदेवांच्या खांद्यावर रुळणाऱ्या जटा असे काही अपवाद सोडले, तर ओळख पटते ती पायाशी बसलेल्या प्राण्यावरून किंवा चिन्हावरून. जगातील श्रेष्ठ जीवाची ओळख एका मुक्या जिवाने करून द्यावी, यापेक्षा सुंदर कल्पना कोणती असेल?

बाहुबलींच्या मूर्तीत तर निसर्गच अलंकार झाला आहे. ते वर्षभर कायोत्सर्गात अचल उभे राहिले, वेली अंगावर चढल्या, पायाशी वारुळे झाली, त्यांतून सर्प फिरू लागले. वेरूळच्या जैन लेण्यांत बाहुबलींची अनेक शिल्पे आहेत. त्यांत वेलींबरोबर साप, विंचू आणि पायाशी निर्धास्त बसलेली हरणेही कोरलेली आहेत. श्रवणबेळगोळच्या महामूर्तीच्या पायाशी चामुंडरायाचे नाव सांगणारा मराठी लेख आहे, हे आपणास ठाऊकच आहे. आपल्या कुंभोज येथील बाहुबलींची अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ साली प्रतिष्ठित झाली. तिच्याही मांड्यांवर व बाहूंवर वेल आहे. माझा एक विद्यार्थी ती मूर्ती पाहून म्हणाला होता, 'सर, ह्यांनी येल का काढून टाकला न्हाई?' मी त्याला सांगितले, 'वेलीला आधार हवा होता, आणि त्यांना वेलीची अडचण नव्हती.' अहिंसेची याहून सोपी व्याख्या मला पुढे कोणत्याही ग्रंथात सापडली नाही.

याच बाहुबलींची बहीण ब्राह्मी. ऋषभदेवांनी तिला अक्षरविद्या शिकविली व तिच्याच नावावरून ब्राह्मी लिपी ओळखली गेली, अशी आपली परंपरा सांगते. दगडावरचे अक्षर आणि दगडातली वेल ही अशी एकाच घरची, बहीण-भावंडांची आहेत.

कलेच्या अभ्यासकाने शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर पाहिलेच पाहिजे. कृष्णाकाठी असलेल्या या गावातील कोपेश्वर मंदिर सर्वांना माहीत आहे. त्याचा अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, मध्यभागी आकाशाला खुले असलेले वर्तुळाकार छत आणि बाहेरच्या पट्टीतील हत्ती पाहून माणूस थक्क होतो. याच गावात आदिनाथांचे जुने जैन मंदिर आहे, हे मात्र कित्येक प्रवाशांच्या गावीही नसते. ते कोपेश्वर पाहून परस्पर परततात. शैव आणि जैन शिल्पकला हाकेच्या अंतरावर उभ्या असलेले हे गाव एका दिवसाच्या सहलीत दोन धडे शिकविते.

पाणी, बाग आणि झाड

महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेख पुणे जिल्ह्याच्या मावळातील पाले येथील लेण्यात आहे. ब्राह्मी लिपीतील तो लेख इसवी सनापूर्वीचा मानला जातो. अरिहंतांना नमस्कार करून तो सुरू होतो आणि इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणे व 'पोढी' करविल्याचे सांगतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या छोट्याशा लेखात निवाऱ्याबरोबर पाण्याची नोंद आवर्जून केलेली आहे. गंडरादित्याचे तळे, बामणीच्या लेखातील फुलबाग आणि पाल्याचे हे टाके एकत्र पाहिले म्हणजे धर्मस्थळाची जुनी कल्पना स्पष्ट होते. चार भिंती आणि शिखर एवढ्यावर ती थांबत नाही. पाणी, झाडे आणि तेथे येणारे जीवही तिच्यात येतात.

प्रत्येक तीर्थंकरांशी एक वृक्ष निगडित आहे. ज्या झाडाखाली केवलज्ञान झाले, तो त्यांचा वृक्ष. ग्रंथांगणिक नावांत थोडा फरक पडतो. पण ऋषभदेवांचा वड, अजितनाथांचा सप्तपर्ण, अनंतनाथांचा पिंपळ, मल्लिनाथांचा अशोक, मुनिसुव्रतांचा चंपक म्हणजे आपला सोनचाफा, नमिनाथांची बकुळ, महावीरांचा साल, असे हे वृक्ष आहेत. यातील साल आपल्याकडे सहजी वाढत नाही. पण वड, पिंपळ, सातवीण, सोनचाफा, बकुळ ही तर आपल्याच मातीतली झाडे. निवृत्तीनंतर मी घराच्या परसात बकुळ व सोनचाफा लावला. बकुळ सावकाश वाढते. पहिली फुले सांडली त्या सकाळी घरातली सारी मंडळी अंगणात ओंजळी भरीत होती.

निसर्ग आणि कला यांचा कधी कधी संघर्षही होतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी शिखराच्या सांध्यात रुजते आणि वीस-पंचवीस वर्षांत मुळ्या दगड फोडतात. वेळीच काढावे तर एकेंद्रिय जीवाची हिंसा, न काढावे तर बस्तीचा नाश. यावर मला एका वृद्ध उपाध्यांनी तोडगा दाखविला. ते दरवर्षी पावसाळा संपता संपता शिखरावर चढत, बोटभर वाढलेली रोपे ओल्या सांध्यातून मुळासकट अलगद उपटीत आणि नदीकाठी नेऊन लावीत. त्यांतील सगळी जगत नसत, पण काही जगली. वेळेवर लक्ष दिले तर देऊळही वाचते आणि झाडही वाचते. दुर्लक्ष केले तर शेवटी दोहोंपैकी एकावर कुऱ्हाड चालते.

जीर्णोद्धार म्हणजे काय?

आता त्या शब्दाकडे येतो. 'खंड' म्हणजे तुटलेले, 'स्फुटित' म्हणजे फुटलेले, तडकलेले. जे तुटले व तडकले, ते सांधून जीर्णाचा उद्धार करणे म्हणजे 'खंडस्फुटितजीर्णोद्धार'. नऊशे वर्षांपूर्वी दान देणाऱ्या श्रावकाला आपले मंदिर पुढे मोडकळीस येणार हे ठाऊक होते, म्हणून दुरुस्तीची तरतूद त्याने पहिल्याच दिवशी करून ठेवली. जीर्णोद्धार या शब्दाचा त्याच्या मनातील अर्थ एवढाच होता. आपल्या काळात मात्र हा शब्द जुने पाडून नवे बांधणे अशा अर्थाने वापरला जाऊ लागला आहे. भक्ती शुद्ध असते, देणगी मोठी असते. पण काळ्या पाषाणाचे कोरीव खांब जाऊन तेथे गुळगुळीत संगमरवर येतो, आणि जुने दगड बस्तीमागच्या ओढ्यात किंवा रस्त्याच्या भरावात जातात.

काही वर्षांपूर्वी मला एक निरोप आला. मी जेथे तो दगड घासून घेतला होता, त्याच गावच्या बस्तीचा जीर्णोद्धार निघाला होता. विश्वस्तांत माझा तेव्हाचा एक विद्यार्थी होता. नववीचा तो मुलगा आता साठी ओलांडलेला गृहस्थ झाला होता. बैठकीला 'सरांनी यावे' अशी त्याची इच्छा होती. आराखडा मांडला गेला. त्यात जुना सभामंडप पूर्ण उतरवायचा होता आणि मानस्तंभाशेजारचा तो दगडही हलवायचा होता. मी त्या दगडावर लेख होता हे सांगितले आणि तो वाचवावा अशी विनंती केली. तेव्हा माझा विद्यार्थी शांतपणे म्हणाला, 'सर, तवा तुम्हीच तर घासाय सांगितलं होतं.'

सभेत क्षणभर शांतता पसरली. मी उत्तरलो, 'होय. मी सांगितले होते. मला तेव्हा वाचता येत नव्हते. तुम्हांला आता मी वाचून दाखवू शकतो, म्हणून आलो आहे.' मग सर्वांना घेऊन बाहेर गेलो. कंदिलासारखा एका बाजूने प्रकाश टाकला की झिजलेली अक्षरे सावलीमुळे दिसू लागतात. विजेरी आडवी धरून तळाची ती दीड ओळ मी त्यांना वाचून दाखविली. दान मोडील त्यास पाप लागेल, असे ते शब्द. कोणी काही बोलले नाही. बैठक पुढच्या महिन्यावर गेली.

सगळे माझ्या मनासारखे झाले असे नाही. सभामंडप उतरविला गेला. त्याच्या छताला धोका होता, हेही खरे. पण चार कोरीव खांब नव्या मंडपात पुन्हा उभे करण्यात आले. तो दगड जागचा हलला नाही. त्यावर छोटे छप्पर घातले आहे आणि शेजारी पाटी लावली आहे. पाटीवर काय लिहावे असे मला विचारले तेव्हा मी सांगितले, की लेखाचा काळ अंदाजे लिहा, आणि वरच्या ओळी अज्ञानामुळे नष्ट झाल्या असेही लिहा. तसे लिहिले आहे. मी गेलो की मुद्दाम ती पाटी वाचतो.

आपण काय करू शकतो?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही सूचना नम्रपणे मांडतो. यांना फारसा खर्च लागत नाही.

पहिली सूचना नोंदीची. आपल्या परिसरातील प्रत्येक बस्तीतील मूर्ती, मानस्तंभ, लेख असलेले दगड, घंटा, जुन्या पोथ्या यांची छायाचित्रांसह वही करावी. मूर्तीच्या पीठावरील दोन ओळींतही संवत, दात्याचे नाव आणि मुनींची परंपरा सापडते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, हे विश्वस्तांना माहीत असावे. चोरी झाली तर छायाचित्र हाच मोठा आधार असतो.

दुसरी सूचना लेख असलेल्या दगडांविषयी. त्यांना तारेचा ब्रश, आम्ल, तेलरंग, सिमेंट यांपैकी काहीही लावू नये. जुने चुन्याचे बांधकाम ओल बाहेर टाकते. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. लेख वाचावयाचा तर जाणकाराकडून ठसा घ्यावा. त्याची रीत सोपी आहे. दगड पाण्याने व मऊ ब्रशाने स्वच्छ करतात, ओला कागद त्यावर बसवून ब्रशाने हलके ठोकतात, म्हणजे कागद अक्षरांच्या खोलगटात उतरतो. मग शाईचा बोळा वरून फिरवितात. पृष्ठभाग काळा होतो आणि अक्षरे पांढरी उमटतात. आपल्या शाळांतील मुलांसमोर हा प्रयोग एकदा तरी करून दाखवावा.

तिसरी सूचना झाडांची. बस्तीच्या आवारात फरशी घालताना थोडी माती उघडी ठेवावी आणि तेथे तीर्थंकरांच्या वृक्षांपैकी आपल्या हवेत येणारी झाडे लावावीत. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण भोगले आहेत. पाण्याला मुरायला जागा न ठेवण्याचे परिणाम या भागाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

आणि चौथी, घरातली. वडीलधाऱ्यांना बसवून घराण्याच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आपले गाव कोणते, बस्ती कोणी बांधली, आजीच्या तोंडी कोणती गीते होती, हे विचारून ठेवावे. माणसे गेली की हे लेख कुठल्याच दगडावर सापडत नाहीत.

उपसंहार

शिक्षकाच्या हातून पिढ्या घडतात असे म्हणतात. माझ्या हातून एक शिलालेख पुसला गेला, हेही तितकेच खरे आहे. तो मी पुन्हा लिहू शकत नाही. पण ज्या मुलांच्या हातात मी एकदा तारेचा ब्रश दिला, त्यांच्याच हातांनी त्या दगडावर छप्पर घातले, एवढे समाधान माझ्या पदरी आहे. आपल्या ट्रस्टच्या शतकमहोत्सवाच्या वेळी मी नसेन. त्या स्मरणिकेत आपल्या नातवंडांनी या परिसरातील बस्त्यांचा इतिहास लिहावा, आणि तो लिहिताना त्यांना दगड, पोथ्या आणि झाडे जागच्या जागी सापडावीत, हीच या प्रसंगी श्रीजिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.